जुन्या गाडीला चार पिस्टनचे कॅलिपर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना भंगारातल्या मोठ्या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर बसवायचे, या विषयावर बरीच पत्रं आली. कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारा चिमटा; त्यातला पिस्टन ऑइलच्या दाबाने पॅड ढकलतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (पुणे) : माझ्या गाडीला मूळचा एकाच पिस्टनचा, ५४ मिमी व्यासाचा कॅलिपर आहे. भंगारात ३८ मिमीच्या चार पिस्टनचे कॅलिपर मिळताहेत. चार पिस्टनचं क्षेत्रफळ मोजलं तर जवळपास दुप्पट भरतं. म्हणजे ब्रेकही दुप्पट लागणार ना?

उत्तर : नाही, जवळपास तेवढाच लागेल. हा हिशेब बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमचा मूळ कॅलिपर सरकता आहे. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपरचं शरीर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. एका पिस्टनचा जोर दोन्ही पॅडना मिळतो. चार पिस्टनचा कॅलिपर जागेवर पक्का असतो. त्यात दोन पिस्टन आतल्या पॅडला आणि दोन बाहेरच्या पॅडला दाबतात. म्हणून तुलना करताना पक्क्या कॅलिपरच्या एकाच बाजूचे पिस्टन धरायचे.

५४ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिमी. ३८ मिमीच्या एका पिस्टनचं १,१३४, दोघांचं २,२६८. फरक एका टक्क्याचा. त्याच डिस्कवर, त्याच पॅडच्या मसाल्यासह (घासणाऱ्या थरासह) हे कॅलिपर बसवले तर पेडलवर तेवढाच पाय देऊन तेवढाच ब्रेक लागेल.

मग फायदा कुठे आहे? पॅड लांब असतो आणि दोन ठिकाणांहून दाबला जातो, त्यामुळे सारखा झिजतो. पक्क्या कॅलिपरचं शरीर कमी वाकतं, म्हणून पेडल घट्ट लागतं. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि एकच पॅड झिजतो, ती कटकट राहत नाही. मोठा पॅड सावकाश तापतो. एवढं हवं असेल तर काम जरूर करा. ब्रेकचा जोर वाढवायचा असेल तर चाकापाशी तीनच वाटा आहेत : पिस्टनचं क्षेत्रफळ, डिस्कचा व्यास, पॅडचा मसाला. आणि यांतलं काहीही वाढवलं तरी शेवटी गाडी थांबवतो तो टायर. टायर जुने, कडक झालेले असतील तर आधी ते बदला.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : माझ्याकडे १९७२ची डॅटसन २४०झेड आहे. इथे सगळे टोयोटा पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर सुचवतात. नेमके कुठले घ्यायचे आणि सोबत काय काय बदलावं लागेल?

उत्तर : जुन्या गाड्यांवरच्या अशा बदलांत हा सर्वांत पारखलेला आहे, कारण या कॅलिपरच्या बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर डॅटसनच्या स्ट्रटशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या उभ्या खांबाशी, जुळतं आणि ब्रॅकेट करावं लागत नाही.

कॅलिपरच्या ओतीव अंगावर उठावदार अक्षरं असतात, ती वाचूनच खरेदी करा. तुम्हाला ‘एस१२+८’ हवेत. १९७९ ते १९८५च्या टोयोटा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे हे कॅलिपर सलग, म्हणजे हवेची पोकळी नसलेल्या डिस्कसाठी आहेत, आणि तुमची मूळ डिस्कही तशीच आहे. ‘एस१२डब्ल्यू’ हे नंतरच्या, पोकळीच्या जाड डिस्कचे. दिसायला भाऊ-भाऊ, पण यांची अदलाबदल चालत नाही. तुमची डिस्क नवी असताना १२.५ मिमी जाड असते. तिच्यावर रुंद ‘डब्ल्यू’ कॅलिपर लावला तर पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलच्या पार कडेपर्यंत बाहेर येतो आणि एक दिवस ब्रेक ऑइल गळायला लागतं. ‘डब्ल्यू’च हवे असतील तर डिस्कही बदलायची : १९८४च्या ३००झेडएक्सची पोकळीची डिस्क आणि हब व डिस्कमध्ये नेमक्या जाडीचा स्पेसर. रस्त्यावर चालवायच्या गाडीला याची गरज पडत नाही. ट्रॅकवर जात असाल तर मात्र हाच पर्याय घ्या.

बसवताना तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, डिस्कमागचा धुळीचा पत्रा. नवा कॅलिपर त्याला घासतो. पत्रा कापावा किंवा वाकवावा लागतो. दुसरी, स्ट्रटवरच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरपर्यंत जाणारा लोखंडी पाइप. जुना पाइप तसाच ओढूनताणून बसवू नका. नवा वाकवून घ्या आणि त्याच्या टोकाचा नट पाना न लावता हाताने तीन-चार आटे सहज जातोय ना ते बघा. अडकला तर आटे वेगळे आहेत किंवा तोंड तिरकं आहे. तिसरी, रिम. १४ इंची रिमच्या आतल्या आकारात बराच फरक असतो. मुलांच्या खेळण्यातली माती कॅलिपरच्या पाठीवर थापा, चाक लावून हाताने एक फेरा फिरवा, काढून मातीची जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी उरली तर ते रिम वापरू नका. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं कॅलिपरसमोर येत नाहीत ना, तेही याच वेळी बघा.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग. तुमचा मूळचा ७/८ इंची, म्हणजे २२.२ मिमीचा आहे. मूळ कॅलिपरला दर बाजूला एकच पिस्टन, सुमारे ५४ मिमीचा, म्हणजे २,२९० चौरस मिमी. नव्या कॅलिपरचे पिस्टन व्हर्निअरने मोजा. समजा एक ४३ आणि एक ३४ मिमी भरला, तर एका बाजूला २,३६० होतात; वाढ फक्त ३ टक्के. तेवढ्याला मूळ मास्टर सिलिंडर पुरतो. तरीही बरेच जण १९७९ ते ८१च्या २८०झेडएक्सचा १५/१६ इंची (२३.८ मिमी) बसवतात, कारण पेडल उंच आणि घट्ट लागतं. त्याची किंमत काय, ते आधी समजून घ्या : पेडलचा प्रवास सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतो आणि तेवढ्याच ब्रेकसाठी पाय सुमारे १५ टक्के जास्त जोराने द्यावा लागतो. एक इंची सिलिंडर लावलात तर पायाचा जोर ३१ टक्क्यांनी वाढतो, तो टाळा. सिलिंडर बदलताना पुढची लाइन कुठल्या तोंडाला आणि मागची कुठल्या, हे जुन्यावर खूण करून ठेवा. बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) पुशरॉड आणि सिलिंडरचा पिस्टन यांत किंचित मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर परतीचं भोक उघडत नाही, तापलेलं ऑइल परत जात नाही आणि पाच-सहा किलोमीटरवर ब्रेक आपोआप धरायला लागतात. असा ब्रेक धरला की लोक नव्या कॅलिपरला दोष देतात. दोष पुशरॉडच्या लांबीचा असतो.

प्रश्न (सावंतवाडी) : आंबोली घाट उतरताना ब्रेक तापून सुटतात. चार पिस्टनने हे थांबेल का?

उत्तर : डिस्क तीच ठेवलीत तर थांबणार नाही. ताशी १०० किमीवरून ११०० किलोची गाडी एकदा थांबवली की सुमारे ४२५ किलोज्यूल उष्णता तयार होते. तिचा ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो, म्हणजे एकीवर सुमारे १५०. डिस्क ४ किलोची असेल तर एका ब्रेकमध्ये ती जवळपास ८० अंशांनी तापते, ६ किलोची असेल तर ५४ अंशांनी. या हिशेबात पिस्टनचा आकडा कुठेच येत नाही. उष्णता लोखंडात साठते आणि हवेत जाते, म्हणून घाटाला जड, पोकळीची डिस्क हवी.

घाटात तर पाय उचलायला उसंतच नसते. ११०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते तेव्हा साडेसहा मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठे तरी घालवावी लागते. ती इंजिनाकडे द्या : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ला; डॉट ३ तर पाणी शोषल्यावर १४०ला. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षं ठेवलेलं ऑइल उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. पेडल घट्ट राहूनही ब्रेक कमी लागत असेल तर दोष पॅडचा. पेडल मऊ पडत असेल तर ऑइलचा. तुमचं यांपैकी कुठलं, ते आधी ठरवा. कदाचित कॅलिपर बदलायची गरजच पडणार नाही.

प्रश्न (नाशिक) : भंगारातला कॅलिपर चांगला की वाईट हे दुकानातच कसं ओळखायचं? आणि घरी ओव्हरहॉल करता येईल का?

उत्तर : जोडी एकाच गाडीची घ्या, डावा आणि उजवा. अपघातात पुढून ठोकलेल्या गाडीचे घेऊ नका. बोल्टच्या कानांवर, म्हणजे जिथे बोल्ट बसतात तिथे, तडा किंवा वेल्डिंग दिसलं की खाली ठेवा. निपल, म्हणजे लाइनमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, पान्याने हलवून बघा. तुटलेल्या निपलचा तुकडा काढायला कॅलिपरच्या किमतीएवढी मजुरी जाते. रबरी बूट उचलून पिस्टन बघा. बूटाच्या बाहेरच्या भागावर गंज असला तर चालतो; सीलवर घासणाऱ्या भागावर नखाला लागेल असा एकही खड्डा नको. खड्डे असतील तर पिस्टन नवे मिळतात का, ते विचारूनच पैसे द्या. सील-किट मिळतंय याची खात्री खरेदीआधी करायची, नंतर नाही. किट मिळत नसेल तर तो कॅलिपर कितीही देखणा असो, निरुपयोगी आहे.

घरी ओव्हरहॉल होतं. पॅड काढा, समोरासमोरच्या पिस्टनच्या मध्ये लाकडाची फळी ठेवा आणि ऑइलच्या भोकातून हवेचा दाब हळूहळू द्या, सायकलच्या पंपाने सुरुवात केली तरी पुरते. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब एकदम दिला तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटं चिरडतात. एक पिस्टन निघाला की हवा तिथूनच जाते आणि बाकीचे अडतात, म्हणून सगळे सारखे पुढे येतील असं फळीने आवरत आणा आणि शेवटचे काही मिलीमीटर हाताने ओढा.

चौकोनी काटछेदाचा सील ज्या खाचेत बसतो ती खाच हेच खरं काम. खाचेच्या तळाला गंजाचा थर साचतो, सीलला बाहेर ढकलतो आणि पिस्टन जाम होतो. बरेच मेकॅनिक पिस्टन चकचकीत करतात आणि खाच तशीच ठेवतात. दोन महिन्यांनी गाडी एका बाजूला ओढायला लागते. पितळी तारेने किंवा बांबूच्या काडीने खाच खरवडा. पोलादी टोच्या वापरू नका, ओरखडा पडला की तिथून गळती.

धुलाईबद्दल कळकळीने सांगतो : रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांतलं काहीही कॅलिपरच्या आत जाऊ देऊ नका. आपल्याकडे भाग धुवायचा म्हणजे रॉकेलचा डबा पुढे येतो. ब्रेकच्या सीलचं रबर या तेलांनी फुगतं. फुगलेला सील पिस्टन सोडत नाही, आणि खाचेत राहिलेलं थोडंसं तेलही त्याला पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. जोडताना सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलने ओले करून अंगठ्याच्या जोराने सरळ आत ढकला. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

पक्क्या कॅलिपरचे दोन भाग मोठ्या बोल्टांनी जोडलेले असतात. ते उघडू नका. मधल्या ऑइलच्या वाटेवर छोटा गोल सील असतो, तो बहुतेक किटमध्ये येत नाही. रंग द्यायचा असेल तर जिथे कॅलिपर स्ट्रटला टेकतो ती पाठ आणि पॅड सरकण्याच्या जागा कोऱ्या ठेवा. टेकणाऱ्या पाठीवरचा रंग उष्णतेने दबतो आणि बोल्ट सैल होतात.

प्रश्न (कोल्हापूर) : उद्यमनगरातून ॲडॅप्टर ब्रॅकेट करून घेतोय. पट्टी किती जाड, बोल्ट कुठले?

उत्तर : आधी त्यावर येणारा जोर समजून घ्या. ११०० किलोच्या गाडीने कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तर पुढच्या एका चाकाच्या कॅलिपरवर साधारण ९,६०० न्यूटन, म्हणजे जवळपास एक टन ओढ येते. ब्रॅकेट त्यासाठी आहे.

१२ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची सलग पट्टी घ्या, तुकडे वेल्ड करून नको. सीएनसी किंवा मिलिंगवर दोन्ही पाठी समांतर करून घ्या. गॅसने कापलेली भोकं चालणार नाहीत. ड्रिल करून रीमर फिरवा. बोल्ट १०.९ ग्रेडचे आणि डोक्यावर तसा आकडा असलेलेच. भोकातून जाणारा भाग बिनआट्याचा असावा, कारण आट्यांवर कात्रीचा जोर आला की बोल्ट तिथेच तुटतो. पोलादात आटे किमान बोल्टच्या व्यासाएवढे खोल जायला हवेत, ॲल्युमिनियममध्ये दीडपट. मॅन्युअलचा आकडा नसेल तर एम १०ला साधारण ६० आणि एम १२ला साधारण १०० न्यूटन-मीटर धरा, टॉर्क रेंचनेच. ओतीव नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) वेल्डिंग करायला कोणी तयार झालं तरी करून घेऊ नका.

लेथवर जाण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीवर लावा आणि तीन मापं बघा. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्ये, अर्ध्या मिलीमीटरच्या आत बसला पाहिजे. उरलेला फरक पोलादी शिमने (पातळ चकतीने) भरा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याने नाही. पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर लोंबायला नको, नाहीतर तिथे न झिजलेली कड उरते आणि पुढे दोन्ही पॅडच्या कडा एकमेकींना भिडून ब्रेक लागेनासा होतो. आणि डायल गेज लावून डिस्कचं डगमगणं ०.१ मिमीच्या आत आहे ना ते बघा. सरकता कॅलिपर डिस्कबरोबर थोडा डोलतो, पक्क्याला ते जमत नाही. वाकडी डिस्क पिस्टन मागे ढकलते आणि पेडलला पहिल्या दाबात पोकळी जाणवते.

प्रश्न (ठाणे) : सगळं बसवून झालं, तीन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल स्पंजासारखं. मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर गेला.

उत्तर : आधी निपल कुठे आहे ते बघा. तो पिस्टनच्या वर, सगळ्यांत उंच जागी हवा. खाली असेल तर हवेचा बुडबुडा वरच्या कोपऱ्यात राहतो आणि कितीही ऑइल ओतलं तरी निघत नाही. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला की हे होतं. अदलाबदल करा.

तुमच्या पत्रावरून दिसतं, की कॅलिपर ज्या गाडीतून काढला, त्या दात्या गाडीत तो ॲक्सलच्या पुढे होता आणि तुमच्या गाडीत तो मागे येतो. इथे एक अडचण आहे. निपल वर ठेवायला डाव्या बाजूला दात्या गाडीचा उजवा कॅलिपर लावावा लागतो. पण काही कॅलिपरमध्ये एक पिस्टन लहान, एक मोठा असतो. लहान पिस्टन डिस्क जिथून पॅडमध्ये शिरते त्या टोकाला हवा, कारण ते टोक आपोआप जास्त दाबलं जातं आणि जास्त झिजतं. बाजू बदलून मागे लावल्यावर हा क्रम उलटतो. ब्रेक लागतो, पण पॅड उतरते झिजतात. चारही पिस्टन सारखे असतील तर प्रश्नच नाही. कमी-जास्त असतील तर निपल वर ठेवणंच निवडा आणि पॅड लवकर तपासत राहा. निपल खाली ठेवून, दरवेळी कॅलिपर सोडवून, पॅडमध्ये लाकूड धरून, उलटा करून हवा काढता येते. पण पुढचा मेकॅनिक ते करणार नाही आणि गाडी त्याच्याकडे कधीतरी जाणारच.

निपल बरोबर असेल तर मास्टर सिलिंडरची परीक्षा अशी : पुढचे दोन्ही रबरी होज गुळगुळीत, गोल जबड्याच्या होज-क्लॅम्पने हलके दाबा. पेडल घट्ट झालं तर दोष क्लॅम्पच्या पुढे, कॅलिपरमध्ये. तसंच मऊ राहिलं तर मास्टर सिलिंडर, मागची लाइन किंवा ढिले ॲडजस्ट केलेले मागचे ड्रम. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब असतील तर पेडलचा निम्मा प्रवास त्यांना भिडवण्यातच जातो. जुने रबरी होजही दाबाने फुगतात; ते काढलेच आहेत तर नवे टाका आणि होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दरवेळी बदला.

प्रश्न (नागपूर) : नव्या कॅलिपरनंतर पावसात पुढची चाकं लगेच लॉक होतात. मागच्या लाइनला ॲडजस्ट करता येणारा व्हॉल्व्ह टाकू का?

उत्तर : टाकू नका, तो मागचा दाब कमीच करतो. तुमची तक्रार उलटी आहे : पुढचा ब्रेक जास्त झालाय. पुढची चाकं लॉक झाली की तुम्ही पाय सैल करता, तेव्हा मागचे ब्रेक आपल्या पूर्ण ताकदीवर पोहोचलेले नसतात. म्हणून मोठे कॅलिपर लावूनही गाडी थांबायला मूळपेक्षा जास्त अंतर घेऊ शकते.

आधी मागचे ड्रम नीट ॲडजस्ट करा, व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारे छोटे सिलिंडर) जाम नाहीत ना ते बघा. मग पुढे कमी पकडीच्या मसाल्याचे पॅड लावा. सर्वांत स्वस्त आणि सोपा इलाज हाच. तरी भागलं नाही तर मागचा व्हील सिलिंडर एक पायरी मोठा करा. ३/४ इंचीवरून १३/१६ इंचीवर गेलं की मागचा जोर १७ टक्क्यांनी वाढतो. एकावेळी एकच पायरी. कारण मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते, आणि पुढची आधी लॉक होणं त्यापेक्षा केव्हाही बरं. परीक्षा मोकळ्या, ओल्या मैदानावर, ताशी ३० किमीपासून, बाहेर कोणाला तरी चाकं बघायला उभं करून घ्या. एबीएस असलेल्या गाडीवर हा उद्योग करूच नका. तिच्या कंट्रोलरचे हिशेब मूळ कॅलिपरवर बसवलेले असतात.

प्रश्न (सातारा) : पद्मिनीला चारही ड्रम आहेत. पुढे थेट चार पिस्टन बसवावेत का?

उत्तर : चार पिस्टनचा मोह सोडा. एवढ्या हलक्या गाडीला, त्या रिमच्या आत, एक पिस्टनचा छोटा सरकता कॅलिपर पुरेसा आहे. तुमचं खरं काम कॅलिपरच्या पलीकडचं आहे. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळला जातो, डिस्कला ती मदत नाही. बूस्टर नसेल तर पाय बराच जड पडेल. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी असतो. तो राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासतील, म्हणून पुढच्या लाइनचा काढावा लागतो. पॅड झिजतात तसं कॅलिपर बरंच ऑइल मागतात, ड्रमसाठीची छोटी टाकी तेवढं पुरवत नाही. आणि सिलिंडर एकाच लाइनचा असेल, तर आधी दोन लाइनचा बसवा. एक होज फुटला तरी निम्मे ब्रेक हातात राहतात. हे सगळं करायची तयारी नसेल तर नवे लायनर, गोल करून घेतलेले ड्रम आणि नवे व्हील सिलिंडर यांवर पद्मिनी छान थांबते.

प्रश्न (मुंबई) : आरटीओ आणि विम्याचं काय?

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडकपणे वाचलं आहे. ब्रेकच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९६मध्ये आहेत. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला कारण होतो.

प्रश्न (संभाजीनगर) : बसवल्यानंतर पहिल्या दिवशी काय करायचं?

उत्तर : गाडी हलवण्याआधी पेडल दाबून धरा आणि दुसऱ्याने चारही चाकांपाशी, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून बघावा, ओला झाला तर गळती आहे. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज टायरला किंवा स्प्रिंगला लागत नाही ना ते बघा, आणि हेच गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत ठेवून पुन्हा. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर हवा खाऊ द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा छाप उमटतो आणि पुढे कायम थरथर राहते. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, पण स्पर्श करू नका. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर त्या बाजूचा पिस्टन परतत नाहीये.

कॅलिपरच्या बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. १०० किलोमीटरनंतर चाकं काढून बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. तो नुसता आवळू नका, काढून पाठीवर रंग किंवा गंज राहिलाय का ते तपासा आणि नवा बोल्ट लावा.